सातव्या पायरीचे सतरा रुपये

मी जन्मात एक पैसाही आकड्यावर लावलेला नाही. हे वाक्य मी कितीतरी वर्षं छाती पुढे काढून सांगत आलो. शिक्षकांच्या बैठकीत सांगितलं, लग्नाच्या पंगतीत सांगितलं, निवृत्तीच्या सत्कारात सांगून तर टाळ्याही घेतल्या. वाक्य अगदी खरं आहे, आणि आता मी ते कुणाला सांगत नाही. का, ते एकदा नीट लिहून टाकतो.

साठ सालानंतरची दोन-तीन वर्षं मी मालवणच्या दक्षिणेला एका मच्छीमार वाडीतल्या शाळेत होतो. आमचं घर कसालच्या बाजूचं. वडील मास्तर, आजोबा मास्तर, मीही मास्तर. वाडीत मला राहायला जागा मिळाली ती एका विधवा बाईच्या पडवीत. जेवणही तिच्याकडेच. सगळी वाडी तिला वयनी, म्हणजे वहिनी, म्हणायची, म्हणून मीही वयनीच म्हणू लागलो. पस्तिशीची असेल. नवरा तापाने गेलेला, मूलबाळ नाही. घरात ती आणि तिचा धाकटा दीर, एवढीच माणसं. दीर पंचविशीचा, अंगाने दांडगा, मनाने वाईट नव्हे. फक्त पैसा हातात आला की त्याच्या हाताला खाज सुटायची.

वयनी जगत होती ती रापणीतल्या वाट्यावर. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. ते कुणा एकाच्या मालकीचं नसतं. प्रत्येक घराचा एकेक तुकडा, आणि ते सगळे एकाला एक शिवून अख्खी रापण होते. होडीतून ती समुद्रात सोडायची, आणि दोन्ही टोकांचे दोर धरून तीस-चाळीस माणसांनी वाळूवर ओढून घ्यायची. मासळी आली की ढीग घालतात. ओढणाऱ्याचा वाटा, जाळ्याच्या तुकड्याचा वाटा, होडीचा, देवाचा. वयनीच्या नवऱ्याचा तुकडा रापणीत होता. तो माणूस गेला तरी तुकडा राहिला, म्हणून वाटाही राहिला. बाई रापणीच्या कारभारात बसत नसे, तेव्हा तिच्या तुकड्याच्या वतीने दीर उभा राहायचा. ओढण्याचा वाटा त्याचा, जाळ्याचा वाटा तिचा.

तो तुकडा ती पोटच्या पोरासारखा जपायची. फाटला की स्वतः विणायची. पावसाळ्याआधी ऐनाची साल उकळून त्या लाल पाण्यात तो बुडवून काढायची, म्हणजे सूत कुजत नाही. वाटणीच्या वेळी टोपली घेऊन ती इतर वाटेकऱ्यांच्या रांगेत बसायची. तिच्या ढिगावर दुसरं कुणी हात ठेवत नसे. ती मासळी डोक्यावर घेऊन ती मालवणच्या बाजारात जायची आणि दुपारी परत यायची. कुणाच्या दारात उभं राहायची पाळी तिच्यावर आली नव्हती, आणि तिला त्याचा अभिमान होता.

त्याच काळात वाडीत आकडा आला. मुंबईत रोज एक आकडा निघायचा, शून्य ते नऊमधला कुठलाही. तो फोनने कोल्हापूरला जायचा आणि तिथून दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने कुणीतरी आमच्याकडे आणायचा. एसटी थांबायची तिथे एकाचं चहाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे माडाच्या झावळ्यांचं छप्पर, दोन बाकडी आणि माशा. आकडे तोच घ्यायचा. पोलिसांच्या हाती लागेल असं काही लेखी नको, म्हणून त्याने युक्ती काढली होती. गाडी येऊन गेली की तो फळीवर काचेचे ग्लास उपडे घालायचा. चार आला तर चार ग्लास, सात आला तर सात, शून्याला दहा. रस्त्याने जाणारा-येणारा मान वळवून ग्लास मोजायचा. देवळाच्या वाटेने जाणारी शिष्ट मंडळीसुद्धा, उपरणं सावरण्याच्या निमित्ताने, मोजून जायची. मला ते दृश्य पाहून किळस यायची. मधली सुट्टी झाली की मी शाळेच्या व्हरांड्यात उभा राहून नाकाने कांदे सोलायचो.

वाडीतले लोक आकडा लावायचे ते स्वप्नावरून. स्वप्नात सर्प दिसला की अमुक, मेलेला बाप दिसला की तमुक. कुणी देवळातल्या पुजाऱ्याच्या तोंडातून पहिला शब्द काय निघतो ते ऐकायला पहाटे जाऊन बसायचे. आमचा दीर तर त्याहून वेडा. बांगडे भरपूर लागले की तो सगळा वाटा विकून एका दिवसात आठ-आठ रुपये एका आकड्यावर लावायचा. दुसऱ्या दिवशी विडीला पैसे नसायचे. मग वयनीच्या फडताळातले दोन-चार आणे नाहीसे व्हायचे. ती बोलायची नाही.

एका संध्याकाळी मला वाढताना ती बोलली. "मास्तरांनू, तुमी सांगा तेका. माजा काय आयकणा नाय. तुमी शिकलेले, तुमचा आयकतलो तो."

"सांगतंय," मी म्हणालो. "फाल्यांच सांगतंय."

तिने मला दीर सुधारायला सांगितला होता. इतकं साधं काम होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला शाळा सुटल्यावर वर्गात बसवला. दहा आकडे, त्यातला एक येणार, नऊ वेळा तू हरणार आणि एकदा जिंकणार, वगैरे सगळं खडूने फळ्यावर लिहून दाखवलं. तो मान हलवत होता. शेवटी म्हणाला, "मास्तरांनू, सगळा पटला. पण माका सुटूचा नाय. तुमी असा कायतरी सांगा की खेळलंय तरी बुडाचंय नाय."

इथे मी उठून घरी जायला हवं होतं. पण त्या वाक्याने माझ्यातला गणिताचा मास्तर जागा झाला, आणि त्या मास्तराइतका गर्विष्ठ प्राणी मी दुसरा पाहिलेला नाही. मला वाटलं, हे अडाणी लोक स्वप्नं बघून लावतात म्हणून बुडतात. नियमाने लावलं तर माणूस बुडेलच कसा? मी दिराला हॉटेलवाल्याच्या लपवलेल्या वहीतून मागच्या दोन-अडीच महिन्यांचे आकडे एका कागदावर उतरवून आणायला लावले. दोन रात्री तो कागद घेऊन बसलो. कुठला आकडा जास्तीत जास्त किती दिवस आला नाही ते काढलं. सर्वांत लांब खंड निघाला तेवीस दिवसांचा. मी पाच दिवस जोडून अठ्ठावीस धरले. दोन-अडीच महिन्यांवरून मी जगाचा नियम बांधला! माझ्या वर्गातल्या पोराने असं केलं असतं तर मी त्याच्या तळहातावर पट्टी मारली असती.

मग मी सात पायऱ्या आखल्या. कायम एकच आकडा धरायचा. पहिल्या पायरीवर चार दिवस रोज चार आणे. नाही लागला तर दुसरी, चार दिवस रोज आठ आणे. तिसरीला रुपया, चौथीला दोन, पाचवीला चार, सहावीला आठ आणि सातवीला सोळा. प्रत्येक पायरी चार दिवसांची, सात चोक अठ्ठावीस. लागला तर रुपयाला नऊ रुपये मिळत. त्यामुळे कुठल्याही पायरीवर, कुठल्याही दिवशी आकडा लागला तरी आधीचं सगळं नुकसान भरून वर थोडंफार उरायचंच. लागला की पुन्हा पहिल्या पायरीवर उतरायचं. मी हे शाळेच्या पट्टीने रकाने आखून, लाल-निळ्या शाईत लिहून त्याला दिलं. खाली सूचनाही लिहिल्या. आकडा बदलू नये. पायरी गाळू नये. मध्येच सोडू नये.

त्याने सहा आकडा धरला. का, ते मी विचारलं नाही. कुठलाही धरला तरी सारखंच, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

आणि ते चाललं, हीच मोठी पंचाईत झाली. सातव्या दिवशी, दुसऱ्या पायरीवर, सहा आला. अडीच रुपये गेले होते, साडेचार आले. दोन रुपये फायदा. दीर उड्या मारत शाळेत आला. पुढे तीन महिन्यांत सहा वेळा आकडा लागला, चौथ्या पायरीच्या वर एकदाही जावं लागलं नाही. फायदा सगळा मिळून पंधरा-सोळा रुपये. पण आठ-आठ रुपये एका दिवसात उडवणारा माणूस आता चार आणे लावून गुमान कामाला जात होता. फडताळातले पैसे जागच्या जागी राहू लागले. एकदा तर त्याने वयनीला बाजारातून चोळीचा खण आणला.

"तुमी तेका मार्गाक लावलात," वयनी मला म्हणाली. त्या दिवसापासून माझ्या ताटातलं कालवण दाट झालं. मी तिला सांगितलं का, की तो अजून खेळतोच आहे, फक्त माझ्या रकान्यांप्रमाणे खेळतो आहे? नाही सांगितलं. मी कालवण ओरपलं आणि तिफळाच्या वासाचं कौतुक केलं.

वाडीत बातमी पसरली. मास्तरांनी पायऱ्या काढल्यानी. लोक संध्याकाळी पडवीत येऊ लागले. मी आधी आढेवेढे घ्यायचो, जुगार किती वाईट यावर पाच मिनिटं बोलायचो आणि मग वहीचा कागद फाडून पायऱ्या आखून द्यायचो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. एकदा मालवणहून एका कचेरीतला कारकून आला. तो माझ्याशी शुद्ध मराठीत बोलला, "आपली पद्धत फारच शास्त्रशुद्ध आहे," असं म्हणाला. त्या एका वाक्यावर मी आठ दिवस तरंगत होतो. हॉटेलवाला मला चहा फुकट देऊ लागला. मी घेत होतो. मला तेव्हाही कळायला हवं होतं की आकडे घेणारा माणूस ज्याला फुकट चहा देतो, तो कुणाच्या कामी येतो आहे.

माघात सहा यायचा थांबला.

पहिली पायरी गेली, दुसरी गेली, तिसरी, चौथी. पंधरा रुपये बुडाले. दीर अजून हसत होता. पाचव्या पायरीला रोज चार रुपये. नेमके त्याच दिवसांत बांगडे दूर गेलेले, रापणीत नुसते बारके पेडवे आणि कचरा. त्याने मागचा फायदा घातला, वाट्याचे पैसे घातले. एकतीस रुपये गेले. सहाव्या पायरीसाठी त्याने कमरेचा चांदीचा करगोटा मालवणला नेऊन विकला. बापाने घातलेला करगोटा. आठ रुपये रोज, चार दिवस. ग्लास उपडे पडत होते, तीन, नऊ, एक, परत तीन. एकूण त्रेसष्ट रुपये गेले.

त्या दुपारी तो शाळेच्या मागे माझी वाट बघत बसला होता. डोळे आत गेलेले. "मास्तरांनू, ह्यां हयसर सोडूया काय?"

सोडूया काय. त्याने स्वतःहून विचारलं. तो तिथे थांबला असता तर त्याचे त्रेसष्ट रुपये आणि त्याचा करगोटा, एवढंच गेलं असतं. दोन वर्षांत तरणाताठा माणूस ते भरून काढता. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "सोडलं तर त्रेसष्ट रुपये कायमचे गेले. नियम काय आहे? मध्येच सोडू नये. चोवीस दिवस झाले, आता चार राहिले." हे मी मालवणीत नाही, शाळेतल्या मराठीत बोललो. खोटं बोलताना आणि अंग काढून घेताना माझी भाषा आपोआप शुद्ध होते, हे मला पुढे कळलं.

आणि मला समजत नव्हतं असं नाही. आकड्याला आठवण नसते. चोवीस दिवस आला नाही म्हणून पंचविसाव्या दिवशी तो यायला जास्त बांधील होत नाही. मला हे त्याच क्षणी ठाऊक होतं. पण वाडीभर माझे कागद फिरत होते. सातवी पायरी न खेळता पद्धत मोडली असती तर हसं माझं झालं असतं.

"चौसष्ट रुपये हाडू खंयसून?" तो म्हणाला. मग थोडा वेळ वाळूत बोटाने रेघा मारत राहिला. "वयनीचा जाळां आसा."

हॉटेलवाल्याला रापणीत जागा हवी होती. मासे पकडणारं घर नव्हे त्याचं, म्हणून कुणी देत नव्हतं. तो कितीतरी दिवस सत्तर रुपये घेऊन टपलेला होता. मी सगळं ऐकलं आणि मनात बेरीज केली. चार दिवसांत आकडा आला तर एकशे चव्वेचाळीस मिळणार, त्यातले सत्तर देऊन तुकडा परत घेता येईल, वयनीला कळणारही नाही. बेरीज बरोबर होती. मी म्हणालो, "चारच दिवसांचा प्रश्न आहे."

पण एवढ्यावर भागलं नाही. रापणीचा तांडेल, म्हणजे सगळ्यांचा म्होरक्या, सत्तरीचा म्हातारा, सरळ माणूस. बाईचा तुकडा तिच्या संमतीशिवाय तो निघू देणार नव्हता. दिराने त्याला सांगितलं, वयनीची संमती आहे, मास्तरांना विचारा. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा काठी टेकत शाळेच्या फाटकापर्यंत आला. वर्गात पोरं पाढे म्हणत होती.

"मास्तरांनू, वयनी जागा सोडता म्हणतत. खरां मां? तुमच्या कानार घातलां हा मां तिना?"

"होय," मी म्हणालो.

त्याने आणखी काही विचारलं नाही. मास्तराच्या शब्दावर शंका घ्यायची रीत तेव्हा नव्हती. म्हातारा वळून गेला आणि मी वर्गात जाऊन सतराचा पाढा पुढे चालू करायला सांगितला.

त्या दिवशी दुपारी हॉटेलवाल्याने सत्तर रुपये दिराच्या हातात मोजले आणि त्यातले सोळा लगेच आकड्याचे म्हणून परत घेतले. रोज सोळा याप्रमाणे तो चौसष्ट परत घेणार होता. आकडा लागला तरी पैसे जाणार मालवणच्या मोठ्या बुकीचे, ज्याच्यासाठी हा आकडे घ्यायचा; ह्याची दलाली कुठेच जात नव्हती. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. पण दळणारा मी आंधळा नव्हतो, डोळे उघडे ठेवून दळत होतो.

पंचविसावा दिवस, पाच. सव्विसावा, शून्य. सत्ताविसावा, परत पाच. ह्या तीन दिवसांत रापण पडलीच नाही, वारा उलटा होता. त्यामुळे वयनीला काही कळलं नाही. ती ओसरीत बसून गेल्या हंगामातलं उरलेलं सूत गुंडाळत होती, तुकड्याच्या डागडुजीसाठी. मी तिच्यासमोर बसून पेज प्यायलो. दोनदा मागून घेतली.

अठ्ठाविसाव्या दिवशी सहा ग्लास उपडे पडले.

ही गोष्ट ऐकणारे इथे हमखास दचकतात. त्यांना वाटत असतं, आकडा येणार नाही, किंवा एकोणतिसाव्या दिवशी येईल. नाही. माझी पद्धत जिंकली. एकशे सत्तावीस रुपये लावले, एकशे चव्वेचाळीस आले. सतरा रुपये फायदा. दीर भर रस्त्यात माझ्या पाया पडला. हॉटेलवाल्याने बाकड्यावर उभं राहून जाहीर केलं की असा मास्तर जिल्ह्यात नाही. मी लाजल्यासारखं केलं. दिराने मला पाच रुपये दिले, ते मी घेतले नाहीत. जुगाराचा पैसा मला चालत नव्हता ना! मग त्याने एक सुरमई आणली, ती मात्र घेतली. वयनीने ती तळली. दीर नि मास्तर एवढे खुशीत का ते तिला माहीत नव्हतं, पण आम्हाला हसताना बघून तीही हसत होती. मी तीन तुकड्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी दीर सत्तर रुपये घेऊन तुकडा सोडवायला गेला आणि हात हलवत आला. हॉटेलवाल्याने आपल्या मेव्हण्याचं नवं नायलॉनचं जाळं वयनीच्या जागी शिवून टाकलं होतं. जुनं सुताचं कशाला ठेवायचं, म्हणून त्याने ते कापून परड्यात कोंबड्यांच्या कुडाला बांधलं होतं. मी स्वतः तांडेलाकडे गेलो. पैसे परत देतो, जागा परत द्या म्हणालो. म्हातारा दोर वळत होता. त्याने मान वर केली नाही.

"पैशे कोणाक होये आसत? रापण म्हंजे काय गंजिफा? आज घाला, फाल्यां काढा? सगळ्यांसमोर जागा दिलंय. ता तुमच्या शब्दार दिलंय."

त्यानंतरच्या रविवारी वारा फिरला आणि रापण पडली. बांगडे आले, पुष्कळ दिवसांनी चांगले. मी किनाऱ्यावर होतो. घरी बसवलं नाही म्हणून गेलो असेन. वाटणी सुरू झाली. वयनी टोपली घेऊन नेहमीच्या जागी येऊन बसली. एकेक ढीग पडत गेला, एकेक वाटेकरी आपला ढीग उचलत गेला. तिच्यासमोर हॉटेलवाल्याच्या मेव्हण्याने येऊन टोपली ठेवली. ती त्याला म्हणाली, "तू चुकलंस रे. ही माजी जागा." त्याने टोपली हलवली नाही. दीर होडीच्या आडोशाला गेला. शेवटी म्हातारा उठून तिच्याजवळ गेला आणि हळू आवाजात काही सांगितलं.

तिने दिराकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"मास्तरांनू, तुमी होय म्हणालात?"

मी तिला समजावून सांगायला लागलो. शुद्ध मराठीत. पायऱ्यांची पद्धत कशी होती, शेवटच्या टप्प्यावर थांबलं असतं तर किती नुकसान झालं असतं, आणि प्रत्यक्षात कसं नुकसान न होता उलट सतरा रुपये शिल्लक पडले आहेत. चाळीस माणसं ऐकत होती. मी बोटांवर मोजून दाखवत होतो. तिने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, जशी ती नेहमी माझं बोलणं ऐकायची. मग टोपली उचलून ती रांगेतून उठली.

रापणीच्या दोराला कुणीही हात लावला, तर वाटणी झाल्यावर त्याला मूठभर मासळी देतात. म्हाताऱ्या बायका, परगावचे भिकारी, असे कुणी कुणी त्यासाठी एका बाजूला उभे राहतात. त्यात ती जाऊन उभी राहिली. त्या दिवशी तिने दोरही ओढला नव्हता, पण तिला नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही. तिच्या टोपलीत चार बांगडे पडले. संध्याकाळी त्यातले दोन माझ्या ताटात होते. मी ते खाल्ले. न खाणं म्हणजे गुन्हा कबूल करणं झालं असतं, एवढं एकच कारण असावं.

सत्तर रुपये तिने घेतले नाहीत. दीर ते घेऊन थोड्याच दिवसांत मुंबईला निघून गेला. तिथे आकडा दुसऱ्या दिवसापर्यंत थांबून कळत नाही, लगेच कळतो, असं तो जाताना म्हणाला म्हणे. वाडीतल्या लोकांना मात्र माझी पद्धत जिंकलेली दिसली होती. माझ्या पायऱ्यांचे कागद आणखी फिरले. पुढच्या पावसाळ्यापर्यंत आणखी दोन घरं त्यापायी बसली. त्यांची गोष्ट वेगळी लिहायला नको, त्यांना आकडा आलाच नाही.

वयनीच्या घरात आता पैसा यायचा तो फक्त माझ्या खाणावळीचा. महिन्याला वीस रुपये. हे मला ठाऊक होतं. ती सकाळी दोर ओढायला जायची, दुपारी येऊन माझं जेवण करायची, वाढायची, आणि माझ्याशी एक शब्दही वाकडा बोलायची नाही. ती शिव्या देती तर मी राहिलो असतो. शिरा पडो तुमच्या तोंडार, एवढं म्हणाली असती तरी चाललं असतं. पण ती फक्त वाढायची, आणि मला ते सोसवेना. मी बदलीचा अर्ज केला. कारण लिहिलं, गावात जुगाराचं प्रमाण वाढल्याने वातावरण शिक्षकास अनुकूल नाही. अर्ज ताबडतोब मंजूर झाला. नांदगावच्या बाजूची शाळा मिळाली. नव्या शाळेत माझ्याआधी माझी कीर्ती पोचली होती, की जुगाराच्या विरोधात गाव सोडून आलेला बाणेदार मास्तर.

निघालो तो महिन्याच्या मध्यावर. ट्रंक बांधून झाली, गाडीला अर्धा तास होता. वयनी आतून आली. तिच्या मुठीत सुटी नाणी होती. तिने ती पडवीच्या कट्ट्यावर माझ्यासमोर मांडली. चवल्या, पावल्या, अधेल्या, थोडे रुपये.

"तुमी सगळ्या म्हयन्याचे दिलात," ती म्हणाली. "पंधरा दिस जेवूक नाय. धा रुपये आसत. मोजून घेवा."

मी ते मोजले. बरोबर दहा होते. आणि मी ते घेतले.